बाखचा ‘बी मायनर मास’: इतक्या रेकॉर्डिंग्जमधून कोणतं ऐकायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वीसेक वर्षं ख्यालगायन ऐकताय. एका मित्राने योहान सेबास्टियन बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचा ‘बी मायनर मास’ ऐकायला सांगितला. मास म्हणजे मिस्सा, ख्रिस्ती उपासना, आणि तिच्या ठरलेल्या शब्दांना लावलेलं संगीत. शोधल्यावर रेकॉर्डिंग्जचा ढीग समोर आला. त्यातली दोन तुम्ही लावलीत, एक ऑटो क्लेम्परर या दिग्दर्शकाचं, म्हणजे गायक-वादकांना चालवणाऱ्याचं, आणि दुसरं जोशुआ रिफ्किन या दिग्दर्शकाचं. दोन्हींची सुरुवात ऐकून तुम्हाला वाटलं की या दोन वेगळ्याच रचना आहेत. आता तुम्ही विचारताय की यातलं बरोबर कोणतं, घ्यायचं झालं तर एकच कोणतं घ्यावं, आणि ख्रिश्चन नसलेल्या माणसाला हे संगीत पूर्ण पोचतं का.

मी पुण्यात आठ वर्षं ख्याल शिकले. नंतर नोकरीनिमित्त जर्मनीत सतरा वर्षं होते आणि तिथल्या एका गावातल्या चर्चच्या गायकवृंदात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गात होते. हा मास त्या काळात तीनदा पूर्ण गायले. आता पुण्यात चौदा जणांचा छोटा वृंद शिकवते. त्यामुळे माझं उत्तर समीक्षकाचं नाही, ओळीत उभं राहून गाणाऱ्या बाईचं आहे. ते डोक्यात ठेवून वाचा.

‘बरोबर कोणतं’ या प्रश्नाच्या मागे खरी अडचण वेगळी आहे. पाश्चात्त्य संगीत लिहिलेलं असतं हे आपण ऐकून असतो, म्हणून आपली अपेक्षा अशी की कागद एकच असेल तर ऐकू येणारी गोष्टही साधारण एकच यायला हवी. पण भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’तली एखादी बंदिश घ्या. स्वरलिपी समोर आहे, तालाच्या खुणा आहेत. ती तशीच्या तशी म्हटली तर राग उभा राहील का? लय कुठली, कण कुठे, आवाज कुठे टाकायचा आणि कुठे राखायचा, हे सगळं गुरूच्या तोंडून आलेलं असतं. बाखच्या कागदाचंही बरंचसं तसंच आहे. सूर आणि शब्द त्याने चोख लिहिलेत, पण लय किती हे फार थोड्या ठिकाणी, हळू-मोठ्याच्या खुणा तुरळक, आणि एका आवाजाला, म्हणजे सोप्रानो (बायकांचा वरचा), आल्टो, टेनर (पुरुषांचा वरचा) आणि बास (पुरुषांचा खालचा) यांतल्या एकेका ओळीला, किती माणसं हे तर कुठेच नाही. ‘बेनेडिक्टुस’ या एकल गाण्यात सोबतीचं वाद्य कोणतं हेसुद्धा त्याने लिहिलेलं नाही. कोणी तिथे बासरी घेतं, कोणी व्हायोलिन. आणि ज्या गुरूच्या तोंडून हे कळलं असतं, तो जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली. मधल्या काळात परंपरा सलग राहिली नाही.

शिवाय ही रचना पूर्ण स्वरूपात बाखने स्वतः कधी ऐकल्याचा पुरावा नाही. पहिले दोन भाग, कीरिये आणि ग्लोरिया, त्याने १७३३ मध्ये ड्रेस्डेनच्या राज्यकर्त्याला नजर केले. ‘सांक्टुस’ त्याही आधीचा, १७२४ च्या नाताळचा. उरलेलं त्याने आयुष्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत रचलं आणि जुन्या कामांतून निवडून घडवलं. दृष्टी अधू होत असताना त्याने हे जुळवून आणलं, आणि १७५० च्या जुलैत तो गेला. त्यामुळे ‘बाखच्या वेळी हे असं वाजलं’ असं म्हणायला मूळ प्रयोगच हाताशी नाही. जो दिग्दर्शक रेकॉर्डिंग करतो तो कागदावरून एक उत्तर बांधतो. तुम्हाला दोन रचना ऐकू आल्या, कारण क्लेम्परर आणि रिफ्किन यांची उत्तरं जवळजवळ दोन टोकांची आहेत.

यातला सर्वांत मोठा फरक माणसांच्या संख्येचा. १७३० च्या ऑगस्टमध्ये बाखने लाइपझिगच्या नगरपरिषदेला एक लांबलचक निवेदन दिलं होतं. त्यात तो म्हणतो की प्रत्येक गायकवृंदात किमान बारा जण हवेत, म्हणजे एका आवाजाला तीन. सोळा मिळाले तर आणखी चांगलं. कारण काय, तर कोणी आजारी पडलं तरी त्या रविवारचं गाणं अडू नये. आमच्या वृंदात दर फेब्रुवारीत अर्धी सोप्रानो मंडळी घसा धरून बसायची, तेव्हा मला हे निवेदन हटकून आठवायचं. तर बरीच वर्षं लोक या कागदावरून धरून चालले होते की बाखकडे बारा ते सोळा गायक उभे राहत. प्रत्यक्ष मैफलींत आणि रेकॉर्डिंगमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला साठ-ऐंशी जणांचा वृंदच गात राहिला.

१९८१ मध्ये रिफ्किनने हे सगळं उलटवलं. त्याचं म्हणणं असं की ते निवेदन म्हणजे हजेरीपट आहे, एका वेळी किती जण गात होते याचा हिशेब नव्हे. बाखच्या हातच्या, गायकांसाठी उतरवलेल्या प्रती पाहा. बहुतेक वेळा एका आवाजाला एकच प्रत मिळते. ड्रेस्डेनला दिलेल्या प्रतीही तशाच. तेव्हा वृंद म्हणजे एका आवाजाला एक माणूस. त्याच हिशेबाने त्याने मास रेकॉर्ड केला, १९८२ मध्ये तो बाहेर आला, आणि अभ्यासकांमध्ये मोठं वादळ उठलं. ते अजून पुरतं शमलेलं नाही. अँड्र्यू पॅरट, जॉन बट हे दिग्दर्शक पुढे साधारण त्याच वाटेने गेले. बाकीच्यांनी गायकांची संख्या कमी केली, पण एकावर आणली नाही.

माझं मत विचाराल तर पुरावा रिफ्किनच्या बाजूला झुकतो. तरी गाणारी म्हणून सांगते, एका आवाजाला तीन-चार जण असले की जे होतं ते एकट्याने होत नाही. लांब ओळीत एक श्वास घेते तेव्हा दुसरी सूर धरून असते, आणि ऐकणाऱ्याला ती ओळ कुठेच तुटलेली कळत नाही. कोणाचंही नाव नसलेला तो आवाज मला या रचनेत हवासा वाटतो. ही आवड झाली, निवाडा नव्हे.

दुसरा फरक पट्टीचा आणि वाद्यांचा. तो चटकन सांगते. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे सूर सुमारे अर्ध्या स्वराने खाली लावतात. म्हणजे तुतारीची जी गाणी कागदावर पांढरी दोनमध्ये आहेत, ती रिफ्किनकडे काळी एकमध्ये ऐकू येतात आणि क्लेम्पररकडे पांढरी दोनमध्येच. तुमचा कान पट्टीला पक्का असेल, तर ‘वेगळीच रचना’ वाटण्यात याचाही वाटा आहे. व्हायोलिनला आतड्याच्या तारा, तुतारीला झडपा नाहीत, बासऱ्या लाकडी. आवाज लहान, कडा अधिक स्पष्ट. जुन्या वाद्यांवरचं या मासचं पहिलं रेकॉर्डिंग निकोलाउस हार्नोनकोर्टने १९६८ मध्ये केलं. आज ऐकताना ते काही ठिकाणी खरखरीत वाटतं, पण पुढच्या सगळ्यांची वाट त्यानेच मोकळी केली.

आता खरं काम. रेकॉर्डिंग्जची तुलना करायची तर पावणेदोन-दोन तासांची रचना पुन्हा पुन्हा ऐकत बसू नका. एक जागा निवडा आणि तीच जागा सगळ्यांकडून ऐका. एकच बडा ख्याल पाच गवयांकडून ऐकताना आपण समेवर येण्याची जागा कशी टिपतो, तसं. मी शिकवताना ‘क्रुचिफिक्सुस’ घेते. तीन-चार मिनिटांचं आहे. शब्द एवढेच की आमच्यासाठी त्याला क्रुसावर खिळलं, त्याने यातना सोसल्या, त्याला पुरलं.

खालचा आवाज, म्हणजे चेलो आणि ऑर्गनचा खर्ज, तेवढा धरा. पांढरी तीनला षड्ज माना. खर्जाची ओळ अशी उतरते: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत ओळीने, एकामागून एक. आपल्या रागात उतरताना अशी रांग सहसा भेटत नाही, म्हणून आपल्या कानाला ती लगेच बोचते. चार बारची (बार म्हणजे तालाच्या मापाचा एक तुकडा) ही ओळ. बारमध्ये सहा ठोके, पण दादऱ्याचा झोल नाही, तीन मोठे ठोके प्रत्येकी दोनदा पडतात, पाय ओढत चालल्यासारखे. ही ओळ तेरा वेळा येते. पहिल्या वेळी नुसती वाद्यं. मग गायक एकेक करून ‘क्रुचिफिक्सुस’ हा एकच शब्द टाकतात, सुस्काऱ्यासारखा. वर बासऱ्या आणि व्हायोलिनं आळीपाळीने एकेक ठोका देतात.

बारा वेळा ओळ तशीच येते. तेराव्या वेळी बासऱ्या आणि व्हायोलिनं थांबतात. फक्त गायक आणि खर्ज राहतो. आवाज मंद होत खाली जातात, ‘पुरलं’ या शब्दावर. आणि नेमक्या तिथे खर्ज नेहमीच्या जागी न येता कोमल गंधारावर जाऊन थांबतो, आणि तोच नवा षड्ज होतो. मूर्च्छना बदलल्यावर जसं एकदम वेगळं दालन उघडतं, तसं. माणूस पुरला गेलाय आणि सूर उजळलाय. आम्ही हे गायचो तेव्हा आमचे दिग्दर्शक शेवटच्या सुरावर हात खाली न आणता तसाच धरून ठेवत. आम्ही श्वास घ्यायचा नाही. चर्चच्या कमानीत तो सूर दोन-तीन सेकंद राहायचा, आणि मग तुताऱ्या.

याच जागेवर तुमची दोन रेकॉर्डिंग्ज शेजारी शेजारी ठेवा. क्लेम्पररचं १९६७ चं, लंडनच्या न्यू फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबरचं. तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. त्याची लय इतकी संथ की खर्जाचा प्रत्येक ठोका पाय उचलून ठेवल्यासारखा पडतो. कुठे भावनेने ओढाताण नाही, आवाज थरथरवणं नाही. तो नुसता चालत राहतो. बाराव्या फेरीपर्यंत माझ्या छातीवर वजन येतं. रिफ्किनकडे तेच चार माणसांचं बोलणं होतं. चारही जण वेगवेगळे ओळखू येतात, एकाचा सुस्कारा दुसऱ्याने उचललेला कळतो. दुःख इथेही आहे, पण ते मिरवणुकीतलं नाही, घरातलं आहे. एका आवाजाचा सूर दुसऱ्याला अर्ध्या स्वराने घासतो ना, असल्या जागा क्लेम्पररकडे धुक्यात जातात. रिफ्किनकडे त्या सुईसारख्या टोचतात.

यांच्या मधले तिघे-चौघे ऐकाच. कार्ल रिख्टरचं १९६१ चं, म्युनिकच्या बाख वृंदाबरोबरचं. रिख्टर तरुणपणी लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. बाखने आयुष्याची शेवटची २७ वर्षं जिथे काढली तेच हे चर्च. त्याचा वृंद मोठा आहे, वाद्यं आधुनिक आहेत, आणि तरी एकही शब्द सैल नाही. माझं पहिलं रेकॉर्डिंग हेच. पुण्यात जर्मन शिकत असताना बाईंनी कॅसेट दिली होती, दोन्ही बाजू झिजेपर्यंत ऐकली. त्यामुळे त्याच्याबद्दल मी तटस्थ नाही, हे कबूल.

जॉन एलियट गार्डिनरची दोन आहेत, १९८५ चं आणि तीस वर्षांनी २०१५ मध्ये केलेलं. त्याच्या वृंदासारखी शब्दांची धार कोणाकडे नाही. ‘क्रुचिफिक्सुस’मधली क्रुची ठिणगी पडल्यासारखी येते. १९८५ चं मला अधिक भावतं, त्यात एक कोवळी घाई आहे. मासाकी सुझुकीचं २००७ चं, बाख कॉलेजियम जपानबरोबरचं. कोबेमधल्या एका महिला विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये ते झालं. भिंतींची आस भरपूर आहे, तरी प्रत्येक ओळ वेगळी दिसते. हे कसं साधतात हे मला अजून पूर्ण उमगलेलं नाही. आणि फिलिप हेरवेग. हा मूळचा वैद्यकशास्त्र आणि मनोविकारशास्त्र शिकलेला माणूस. विद्यार्थिदशेतच, १९७० मध्ये, गेंट शहरात त्याने आपला वृंद उभा केला. त्याने हा मास तीनदा रेकॉर्ड केला. त्याच्याकडे कोणताच आवाज पुढे घुसत नाही. तेराव्या फेरीत जेव्हा वाद्यं थांबतात, तेव्हा त्याचे गायक आवाज लहान करत नाहीत, आवाजातली हवा काढून घेतात. दुसरे शब्द मला सुचत नाहीत. ऐकलंत की कळेल.

‘क्रुचिफिक्सुस’नंतर लगेच ‘एत रेसुरेक्सित’ ऐका, म्हणजे तो पुन्हा उठला. तीन तुताऱ्या, नगाऱ्यांची जोडी, पाच आवाज, सगळे पहिल्याच ठोक्यावर. वाद्यांची सुरावट वगैरे आधी काही नाही. इथे एक व्यावहारिक सूचना. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दोन ट्रॅक एकमेकांत मिसळण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा, आणि ट्रॅकचा क्रम उलटसुलट होऊ देऊ नका. त्या दोन गाण्यांमधली शांतता ही रचनेचाच भाग आहे. गार्डिनर ती जेमतेम ठेवतो, क्लेम्परर भरपूर. आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. तो खर्ज फोनवर जवळजवळ पोचतच नाही, आणि ‘क्रुचिफिक्सुस’मधून खर्ज गेला तर उरतात फक्त सुस्कारे. साधे तारेचे हेडफोन पुरतात.

आणखी एक जागा सांगते, कारण ती रेकॉर्डिंग्जच्या तुलनेत फार कोणी घेत नाही. ‘कोनफितेओर’ (मी मानतो) या भागाच्या शेवटी ‘मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची मी वाट पाहतो’ हे शब्द येतात, आणि इथे बाखने स्वतःच्या हाताने ‘आदाजिओ’ लिहिलंय, संथ. आतापर्यंत पायाखाली पक्की जमीन होती. इथे ती सरकते. एकेक सूर अर्ध्या स्वराने कुठून कुठे जातो, आणि षड्ज कुठला हेच कळेनासं होतं. पाठोपाठ तेच शब्द तुताऱ्यांसह, अतिशय जलद.

ही जागा बसवताना आमचा एक संध्याकाळचा सराव आठवतो. जानेवारी होता, चर्च गरम केलेलं नव्हतं, सगळे कोट घालून उभे. दिग्दर्शकांनी ऑर्गन थांबवला आणि आम्हाला तेवढा तुकडा नुसत्या गळ्याने गायला लावला. संपल्यावर ऑर्गनवर शेवटचा सूर दाबला. आम्ही जवळजवळ अर्धा स्वर खाली होतो. पुन्हा गायलो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी आम्हाला दुसऱ्या ओळीत कोण काय गातंय ते ऐकत गायला सांगितलं, स्वतःची ओळ सोडून. तेव्हा सूर टिकला. माझी सगळी तालीम एका तानपुऱ्यावर झालेली. षड्ज मागे अखंड वाजतोय हा माझा आधार. इथे तो आधार नाही, शेजारचा माणूसच माझा तानपुरा आहे, हे मला त्या थंडीत कळलं. मैफलीच्या दिवशी मात्र तिथे आम्ही पुन्हा थोडे उतरलो, आणि तुताऱ्या आल्या तेव्हा सगळ्यांना ते ऐकू गेलं. ती रात्र मला अजून सलते.

म्हणून कुठलंही नवं रेकॉर्डिंग हाती आलं की मी आधी ही जागा लावते. इथे दिग्दर्शकाला भीती वाटली का, ते ऐकते. काही जण ही जागा जोड असल्यासारखी पटकन ओलांडतात. हेरवेग इथे थांबतो. सुझुकीही. त्या अंधारात ते ऐकणाऱ्याला खरोखर काही क्षण एकटं सोडतात.

आता आल्टोचं म्हणून थोडं, कारण ते माझं घर आहे. शेवटाकडे ‘आग्नुस देई’ (देवाच्या कोकरा) आहे. एक आवाज, सगळी व्हायोलिनं मिळून एक ओळ, आणि खर्ज. बाखच्या लाइपझिगमध्ये चर्चच्या संगीतात बायका गात नसत. हे मुलाने किंवा वरच्या कृत्रिम आवाजात गाणाऱ्या पुरुषाने गायलं असणार. आज रेकॉर्डिंग्जमध्ये दोन्ही मिळतं. क्लेम्पररकडे जॅनेट बेकर गाते. तिचा आवाज गडद आणि उबदार, विनवणी आतून येते, आणि ते ऐकताना मला डोळे मिटावे लागतात. हेरवेगच्या १९९६ च्या रेकॉर्डिंगमध्ये आंद्रेआस शोल हा काउंटरटेनर आहे. पुरुषाचा आवाज इतका सरळ आणि निष्कंप की जणू मागणाऱ्याने आपलं ‘मी’पण आधीच खाली ठेवलंय. पहिल्यांदा ऐकताना आपल्याकडच्या लोकांना हा आवाज परका वाटतो. ‘बाई गातेय की बुवा’ असं माझ्या विद्यार्थ्यांनीही विचारलं. दोन-तीनदा ऐका, मग प्रश्न मावळतो. स्त्रीपार्टी गाणाऱ्या बालगंधर्वांचा आवाज ज्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, त्याला हे जड जाऊ नये.

तुमच्या धर्माच्या प्रश्नाबद्दल. माझा अनुभव सांगते, इतरांचा वेगळा असू शकतो. मी ख्रिश्चन नाही. वृंदात माझ्या डावीकडे रोज प्रार्थना करणारी बाई होती, उजवीकडे अजिबात न मानणारी शिक्षिका. तिघी एकाच सुरावर रडलोय. पण शब्दांचा अर्थ न घेता ऐकलं तर निम्मं निसटतं, हेही खरं. अभंग कळत नसलेला माणूस भीमसेनांचा आवाज ऐकून भारावेल, पण ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ म्हणजे काय हे कळल्यावर ऐकणं बदलतं. इथे मजकूर लहान आहे. लॅटिन मिस्साचे ठरलेले शब्द, आणि सुरुवातीचं ‘कीरिये एलेइसोन’ तेवढं ग्रीक: प्रभू, दया कर. वसईत मराठीतून मिस्सा होतो, तिथे हीच मागणी मराठीत होते. ओळखीचं कोणी वसईकर कॅथलिक असेल तर त्यांच्याकडून मिस्साचं पुस्तक मागून घ्या. अर्थ आपल्या भाषेत, तोही रोज वापरात असलेला, दुसरीकडे इतका सहज मिळणार नाही. बाख स्वतः लुथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, होता आणि त्याने ज्याला नजर केला तो राज्यकर्ता कॅथलिक. भिंत त्यानेच ओलांडली होती, आपण ऐकणाऱ्यांनी ती पुन्हा बांधायचं कारण नाही.

आतापर्यंतचं एकत्र करून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, म्हणजे एकच घ्यायचं तर कोणतं. तुम्हाला ओळी सुट्या ऐकायच्या असतील, कोण कुणाला काय उत्तर देतंय हे कळायला हवं असेल, तर रिफ्किन तुमच्याकडे आहेच, त्याला धरा. वजन हवं असेल, मनातलं काही जड घेऊन बसला असाल, तर क्लेम्परर. त्याच्या कीरियेला पर्याय नाही. त्याचं पूर्ण रेकॉर्डिंग सव्वादोन तासांच्या आसपास आहे, वेळ काढून बसा. तुताऱ्यांचा आनंद हवा असेल तर गार्डिनर. पण एकच आणि कायमचं म्हणाल, तर मी हेरवेगचं तिसरं, २०११ चं, देईन. माणसं थोडी आहेत पण एकटी नाहीत. लय चालती आहे पण पळत नाही. आणि वर सांगितलेल्या तिन्ही जागांवर, खर्जाच्या तेराव्या फेरीत, कोनफितेओरच्या अंधारात आणि ‘आग्नुस देई’त, तो कुठेही घाई करत नाही. ‘आग्नुस देई’ मात्र त्याच्याच १९९६ च्या रेकॉर्डिंगमधून शोलच्या आवाजात वेगळं ऐका.

पैसे घालायचे नसतील तर नेदरलँड्स बाख सोसायटीने बाखच्या एकेक रचनेचे व्हिडिओ फुकट ठेवलेत, त्यात हा मासही आहे. नवख्याला त्याचा फायदा असा की कोण गातंय ते डोळ्यांना दिसतं, आणि कानाला ओळ सापडायला मदत होते. बाखच्या हातचं हस्तलिखित बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात आहे आणि त्याची पानं इंटरनेटवर पाहता येतात. नोटेशन वाचता येत नसलं तरी शेवटच्या पानांवरचं ते थरथरलेलं अक्षर एकदा बघा.

एक काम सांगून थांबते. सगळ्यात शेवटचं गाणं ‘दोना नोबिस पाचेम’, आम्हाला शांती दे. सुरावट तीच, जी ग्लोरियामध्ये ‘आम्ही तुझे आभार मानतो’ या शब्दांना होती. चार आवाज एकामागून एक तीच ओळ घेत वर चढतात. ती ओळ नीट ध्यानात ठेवा. शेवटाकडे गायकांनी आपली सगळी उंची गाठलेली असते, आता वर जागाच उरलेली नाही असं वाटतं, आणि तेव्हा तुतारी तीच ओळ त्यांच्याही वरून घेते. आमच्या वृंदात मी तुतारीवाल्यांच्या पुढेच उभी असायचे, तो सूर पाठीत शिरायचा. तुमच्याकडच्या दोन्ही रेकॉर्डिंग्जमध्ये ही जागा शोधा, आणि कुठे ती आधी ऐकू आली ते मला इथे लिहा.